जानेवारीतच जायचंय

"पण जानेवारीतच का, काका?" तिने विचारलं. "मे महिन्यात जा की. मध्य युरोपातली शहरं तेव्हा खरी बघावीत. जानेवारीत चार वाजताच अंधारून येतं. थंडी हाडांत शिरते."

समोरच्या खुर्चीतले गृहस्थ टोपी मांडीवर ठेवून बसले होते. चौकातलं चष्म्यांचं दुकान त्यांचं. या ट्रॅव्हल कंपनीच्या ऑफिसात ते आठवड्यात दुसऱ्यांदा आले होते.

"तिला बर्फ बघायचा होता," ते म्हणाले. "दर हिवाळ्यात म्हणायची. आणि दर हिवाळ्यात मी म्हणायचो, पुढच्या वर्षी बघू."

"काकू...?"

"गेली ती. हा चौथा हिवाळा."

तिचे हात कीबोर्डवरच थांबले. मग पुढे एक शब्द न विचारता तिने जानेवारीच्या तारखा टाकल्या.

तिचा नवरा मागच्या वर्षी कामावरच कोसळला होता. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं आटोपलं होतं. सुरुवातीला माणसं धावून आली. मग 'सावर आता' म्हणू लागली. मग त्याचा विषय निघाला की घड्याळाकडे बघू लागली. घरात उरल्या ती आणि सासूबाई. एकमेकींसमोर दोघी रडायच्या नाहीत. एक बाथरूमचा नळ सोडून रडायची, दुसरी ओट्याकडे तोंड करून. दिवसभर ती लोकांना राजवाडे आणि बोटी विकायची. संध्याकाळी घराच्या दाराशी आली की किल्ली हातात धरून उभी राहायची. आत जाऊन तरी काय करायचं, हे तिला सुचत नसे.

"हे चष्मेवाले तिकीट काढणार आहेत, की नुसते हीटरपाशी शेकायला येतात?" मालक आतून कुजबुजले.

"काढतील," ती म्हणाली. "त्यांना जरा वेळ द्या."

तिने त्यांच्यासाठी असा बेत आखायला घेतला, जसा कुणासाठीच आखला नव्हता. जुन्या पुलावर भल्या सकाळी जायचं, तेव्हा धुकं असतं आणि माणसं नसतात. मग घड्याळाच्या मनोऱ्याखालून चौकात. दुपारी चित्रांचं संग्रहालय, कारण आत ऊब असते आणि बाकावर कितीही वेळ बसलं तरी कुणी उठवत नाही. जिथे जोडपी हमखास फोटो काढतात, ती टेकडी तिने गुपचूप गाळली.

ते मान डोलवत होते, पण त्यांचं लक्ष कशातच नव्हतं. "रविवारी ट्राम चालू असतात ना?" एवढंच त्यांनी विचारलं.

"असतात." तिला राहवलं नाही. "अचानक गेल्या का हो काकू?"

"अचानकच म्हणायचं. रविवार होता. दुपारी जेवून दोघं आडवे झालो. मी उठलो, तर ती गेलेली." त्यांनी टोपीची कड चाचपली. "आतल्या आत किती दुखत होतं तिला, मला पत्ताच नाही. जन्म गेला लोकांचे डोळे तपासण्यात, आणि घरातलं दिसलं नाही. तिच्या साड्या अजून कपाटात आहेत. मुलगा म्हणतो, देऊन टाका, बाबा, गेलेल्या माणसासाठी किती दिवस झुरणार? माझा हात धजत नाही."

तिच्या घरच्या कपाटातही नवऱ्याचे शर्ट होते. त्यातला एक सासूबाई अधूनमधून धुऊन पुन्हा इस्त्री करून ठेवत.

"माझाही नवरा गेला, काका," ती म्हणाली. परक्या माणसाला तिने हे आपणहून पहिल्यांदाच सांगितलं होतं.

त्यांनी प्रथमच तिच्याकडे नीट पाहिलं. "तुझाही? या वयात?" त्यांचा आवाज एकदम मऊ झाला. "लोक फार बोलतात ना गं? समजूत काढायला म्हणून येतात आणि जखमेवर मीठ चोळून जातात."

"हो ना."

"आणि एवढं होऊनही वाटतं, दार वाजेल. वाटतं का तुला?"

"रोज वाटतं."

"वाटू दे. मला सगळे वेड्यात काढतात. पण तेवढ्या एका आशेवर मी सकाळी दुकानाचं शटर वर करतो."

त्या संध्याकाळी ती दाराशी थांबली नाही. जेवताना तिने सासूबाईंना सांगितलं, "ऑफिसात एक काका येतात. त्यांचंही आपल्यासारखंच झालंय. तरी जगतायत." सासूबाईंच्या हातातला घास तसाच राहिला. मग दोघी एकाच टेबलाशी बसून रडल्या. कुणी उठून नळ सोडला नाही.

दोन दिवसांनी चष्मेवाले हॉटेल ठरवायला आले. तिने नदीकाठची खोली हेरून ठेवली होती. पडदा सारला की समोर पूल.

"ही नको," त्यांनी स्क्रीनवरच्या नकाशावर बोट ठेवलं. नदीच्या पार पलीकडे, ट्रामचा शेवटचा थांबा होता तिथे. "इथे कुठे मिळेल का बघ."

"काका, तिथे नुसत्या राहत्या इमारती आहेत. बघण्यासारखं काही म्हणता काही नाही. थंडीत एकटे कुठे जाणार तुम्ही?" तिने नकळत त्यांच्या हातावर हात ठेवला. "काकूंना नदी आवडली असती."

"नदी रोजच बघत असेल ती," ते म्हणाले. "ज्याच्याबरोबर गेली ना, त्याचं घर आहे इथे. रविवारी तो नसतो म्हणे. तिने दार उघडलंन तर उघडलंन." मग तिचा हात थोपटत त्यांनी मायेने विचारलं, "तुझा कुठे असतो गं हल्ली?"