नेलपॉलिशचा ठिपका

“तुझ्या या गिरणीत माझं गाणं दळून निघतंय रे,” ताई माइकपाशी कुरकुरली. धाकट्या भावाने हेडफोन सारखा करत न ऐकल्यासारखं केलं. दोघांचं नाव झालं याच मिश्रणावर: त्याच्या इलेक्ट्रॉनिक यंत्रांचा खरखराट आणि त्यातून वर येणारा तिचा गोड गळा. खरखराटाच्या बटणाशी तिनेच नेलपॉलिशचा ठिपका लावला होता, “याच्यापुढे गेलास तर कान उपटीन” असा दम देऊन. ताईच्या गळ्याच्या ऑपरेशननंतर मात्र प्रत्येक तालमीत तो बटण थोडं पुढे सरकवायचा. आई म्हणायची, आवाज खुलेल हळूहळू. भावोजी म्हणायचे, उलट भारदस्त वाटतो. आज ताईने उठून बटण ठिपक्याच्याही मागे, पार शून्यावर आणलं. मग ती गायली. वरच्या सुरावर नुसती हवा निघाली. धाकट्याचा हात सवयीने बटणाकडे धावला. तिने तो मध्येच धरला. “आता खरं बोल.” “ताई, तुझा आवाज गेलाय.”