स्वच्छ नोंद

आलेखावर आज टोक आलंच नाही.

मेर्वीने पडद्याकडे पुन्हा पाहिलं. विमान कोर्पियार्वी तळ्याचा पश्चिम काठ ओलांडून पुढे आलं होतं. खाली पाइनचं रान पसरलं होतं आणि पडद्यावरची रेघ शांतपणे वर चढत होती.

"एर्का, वळव. तळ्यावरून परत एकदा जाऊ."

"आता काय झालं?" पुढच्या खुर्चीतून वैमानिक एर्का म्हणाला. "तुझ्या त्या धुरकट म्हाताऱ्याने एक दिवस सुट्टी घेतली, तर खूश व्हायचं सोडून!"

कुरकुरत का होईना, त्याने विमान वळवलं.

मागच्या खुर्च्या काढून तिथे मोजणीची यंत्रं बसवली होती. पंखाखालच्या नळीतून बाहेरची हवा आत यायची आणि तिच्यातले कण मोजले जायचे. वसंतातल्या उन्हात झाडांच्या राळेचा वास हवेत मिसळतो आणि त्यातून नवे कण जन्मतात. इतके बारीक, की साध्या सूक्ष्मदर्शकालाही दिसू नयेत. तेच वाढत जातात आणि पुढे त्यांच्यावर ढगांचे थेंब धरतात. ते नेमके किती उंचीवर जन्मतात, हे शोधण्यात मेर्वीचे अकरा वसंत गेले होते. नवे कण आले की रेघ हळूहळू चढायची. चुलीचा धूर आला की एकदम सुईसारखं टोक यायचं. कोर्पियार्वीच्या पश्चिम काठावर असं टोक दर फेरीला यायचं. संध्याकाळी मेर्वी त्याच्यापुढे 'अस्वच्छ' असा शेरा मारून ते काढून टाकायची.

दुसऱ्या फेरीतही टोक आलं नाही. मेर्वीने खिडकीला कपाळ टेकवलं. लाल रंगाचं लाकडी घर, अंगणात उरलेलं बर्फ, धुराचा मागमूस नसलेली चिमणी. बाहेरचं तापमान शून्याखाली चार.

"परत चल," ती म्हणाली. "विमानतळावर."

"डोकं ठिकाणावर आहे ना तुझं? सोळा दिवस ढगांनी आपल्याला बसवून ठेवलं. आज कुठे ऊन पडलंय. खालच्या केंद्रातले लोक ओरडून सांगतायत की कण जन्मायला लागलेत. उद्यापासून हे विमान दुसऱ्यांच्या ताब्यात जाणार. आणि तू एका म्हाताऱ्यासाठी..."

"तो म्हातारा माझा बाप आहे."

एर्काने सुकाणू वळवलं. विमानाचा डावा पंख खाली झुकला.

सात वर्षं झाली होती. आईच्या दफनानंतर सगळे कॉफी प्यायला बसले असताना मेर्वी चारचौघांत म्हणाली होती, "तुम्ही तिला वेळेवर दवाखान्यात नेलं असतं, तर ती आज असती." तिच्या बापाने, तैस्तोने, कप खाली ठेवला, टोपी उचलली आणि तो निघून गेला. त्यानंतर ना त्याने फोन केला, ना तिने. उड्डाणाचा मार्ग मात्र मेर्वी स्वतः आखायची. पूर्व काठावरून गेलं तरी चाललं असतं. ती पश्चिमेलाच रेघ ओढायची. टोक आलं, की बाबा उठलेत, चुलीत लाकडं सारलीत, एवढं कळायचं. हेलसिंकीच्या तिच्या दोन खोल्यांत ना कुणी यायचं, ना कुणाचं पत्र. वर्षाकाठी माहेरचा निरोप म्हणून तिला एवढंच मिळायचं, आणि तेही ती संध्याकाळी खोडून टाकायची.

ताम्पेरेच्या विमानतळावर उतरल्याबरोबर तिने बाबांना फोन लावला. तो वाजत राहिला आणि बंद पडला. शेजारची घरं उन्हाळ्यापुरती, जूनपर्यंत कुलपात. रुग्णवाहिका मागवावी, तर सांगायचं काय? आलेखावर टोक आलं नाही म्हणून? तिने गाडी काढली. सव्वा तासाचा रस्ता तिने पन्नास मिनिटांत कापला.

दाराला कडी लावलेली नव्हती. आत बाहेरच्याइतकंच गार होतं.

तैस्तो स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसला होता. अंगात जाड कोट, डोक्यावर कान झाकणारी टोपी. राय धान्याच्या काळ्या पावावर थंड मासा ठेवून तो खात होता. तिच्या आठवणीतल्यापेक्षा तो बराच लहान दिसत होता.

"चूल का पेटवली नाहीत?" मेर्वी जवळजवळ किंचाळलीच. "फोन का नाही उचललात?"

"वाजला होता का?" तैस्तो म्हणाला. "कमी ऐकू येतं आता."

मग त्याने टेबलावरचा पेपर तिच्याकडे सरकवला. गावचा पेपर, सोमवारचा. विमानाशेजारी उभ्या असलेल्या मेर्वीचा फोटो होता. कामात सगळ्यात मोठी कटकट कोणती, असं त्या बातमीदार मुलीने विचारलं होतं. मेर्वी हसत हसत बोलून गेली होती, 'तळ्याकाठी एक चिमणी आहे. तिच्या धुराने दरवर्षी आमची नोंद नासते.' त्या ओळीखाली सुताराच्या जाड पेन्सिलीने रेघ मारलेली होती.

"तेव्हापासून पेटवली नाही," तैस्तो म्हणाला. "ते विमान तुझं, हे दुकानात कळलं होतं मला. दरवर्षी खिडकीतून बघायचो. पण माझ्यामुळे तुझं काम नासतं, हे कुणी सांगितलंच नाही गं."

 मेर्वी समोरच्या बाकावर बसली.

त्याने पाव खाली ठेवला. गारठलेली बोटं कोटाला पुसली आणि चाचरत विचारलं, "आज तरी स्वच्छ आली का?"

"आली," मेर्वी म्हणाली. "काड्यापेटी कुठे आहे, बाबा?"