दर सोमवारी तपासलेलं

"पंपाच्या कारखान्याची वेबसाइट गुगलवर पाचव्या पानावर गेलीच कशी? मेटा कीवर्ड कमी पडले! अजून दोनशे टाक." गिऱ्हाइकांच्या वेबसाइट गुगलवर वर आणून देणाऱ्या त्या एसईओ कंपनीत, सगळ्या ऑफिससमोर सरांनी हेमांगीच्या टेबलावर फाइल आपटली.

हेमांगीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. वेबपानाच्या कोडमध्ये दडवलेले ते शब्द गुगलने बघणं केव्हाच सोडलंय, त्यापेक्षा गिऱ्हाइकाच्या उपयोगाचं काहीतरी पानावर लिहू, असं ती दोन वर्षं त्यांच्या कानीकपाळी ओरडत होती.

"सर, ते कुणीही वाचत नाही."

"मला शिकवू नकोस! आपल्या कंपनीच्या साइटचे कीवर्ड मी दर सोमवारी स्वतः वाचतो. एकूण एक!"

तिने दातओठ खात कंपनीच्याच साइटचा कोड उघडला आणि स्क्रीन त्यांच्याकडे फिरवली. 'सर्वोत्तम एसईओ कंपनी' आणि 'खात्रीशीर पहिला नंबर' यांच्या मधोमध तिचा राजीनामा होता, तारखेसकट.

"तीन महिन्यांची नोटीस काल संपली, सर," जेवणाचा डबा पिशवीत कोंबत ती म्हणाली. "गुगलने नाही वाचला, त्याला माफ. पण तुम्ही तर दर सोमवारी वाचता. एकूण एक!"