मामांची झोप

"पुन्हा पिवळे पडले," मामी म्हणाली.

गाडीच्या दिव्यांचा उजेड समोरच्या कंपाउंडच्या भिंतीवर पडला होता. डिकीतल्या स्पीकरचा आवाज चढवला की उजेड पिवळा होई, मग विझत आल्यासारखा. भाचीने आवाज बंद केला. तिच्या गॅरेजमागच्या मोकळ्या जागेत एकदम शांत झालं. गाडीत बसलेल्या मामांनी डोळे उघडले.

"जुन्या डायनामोला झेपत नाही, मामा," भाची म्हणाली. "गाण्यात ठोका येतो नि जातो, मधे बॅटरीला दम खायला मिळतो. तुमचा हा आवाज थांबतच नाही."

"थांबत नाही म्हणून तर हवाय."

मामांची सगळी नोकरी जहाजाच्या इंजिनखोलीत गेली होती. निवृत्त होऊन ते घरी आले आणि त्यांची झोप उडाली. गोळ्या झाल्या, गरम दूध झालं, मामीने तळपाय चोळून पाहिले. घर फार गप्प आहे, एवढंच ते म्हणत. एकदा ते मामीला धुण्याच्या मशीनला पाठ लावून बसलेले सापडले. मशीन रिकामंच फिरत होतं. परवा भर दिवसा जिन्यात त्यांचा तोल गेला, तेव्हा मात्र मामीने भाचीला फोन केला.

मामांच्या एका जुन्या सोबत्याने जहाजावरून इंजिनाचा आवाज पाठवला होता. फोनवर तो डासाएवढा वाजला. म्हणून भाचीने गाडीच्या डिकीत भलामोठा वूफर बसवला. आता वूफर होता, पण गाडीची वीज कमी पडत होती.

दुसऱ्या दिवशी तिने जुना डायनामो काढून मोठा चढवला. डिकीत आणखी एक बॅटरी ठेवली. अर्थिंगसाठी बॉडीवरचा रंग खरवडला, खालचा पत्रा चकाकेपर्यंत. मग अंगठ्याएवढी जाड वायर पुढून मागे ओढायला घेतली. दुसरं टोक मामीने धरलं होतं.

"एवढ्या विजेवर तर आमच्या बिल्डिंगची लिफ्ट चालेल गं!"

"मामांना झोपवायचंय, मामी. लिफ्ट सोपी."

संध्याकाळी गाडी चालू केली. भाचीने आवाज हळूहळू चढवला. भिंतीवरचा उजेड पांढराच राहिला. आवाज असा ऐकू आलाच नाही. तो जमिनीतून आला, पायांत शिरला आणि फासळ्यांत जाऊन बसला. बादलीतल्या पाण्यावर बारीक वलयं उमटली, तिथेच थरथरत राहिली. भिंत, झाड, पलीकडच्या घरांचे दिवे, सगळं जागच्या जागी असूनही हळूहळू मागे सरकतंय असं वाटू लागलं.

"थोडा कमी," मामा डोळे मिटून म्हणाले. "अजून. हां. आत्ता कुठे बंदर सुटलंय."

भाचीने बटणावरचा हात काढून घेतला. मामा काहीतरी पुटपुटत होते, कुणाला तरी तेल बघून यायला सांगत होते. मग त्यांची मान कलली, तोंड किंचित उघडलं. ते घोरत असावेत. त्या घुमण्यात ऐकू काही येत नव्हतं, नुसतं पोट वरखाली होताना दिसत होतं.

मामी बराच वेळ काचेतून बघत राहिली. मग तिने दुसऱ्या बाजूचं दार उघडलं, चपला बाहेरच काढल्या आणि आत जाऊन बसली. अनवाणी पाय तिने गाडीच्या तळाशी सपाट टेकवले.

अंधारून आलं. भाची उघड्या खिडकीशी वाकली.

"मामी, बंद करू?"

मामीने नको अशी मान हलवली. तिचा हात मामांच्या मनगटावर होता, नजर समोर.

"इतकी वर्षं हे इथे, या आवाजात होते," ती म्हणाली. "आणि मला वाटायचं, पाण्यावर आहेत."