काचेचं माप

धाकट्या भावाचा पक्ष जिंकला आणि त्याच संध्याकाळी हरलेल्यांनी ताईच्या खिडकीची काच फोडली. ताई शिक्षिका, मतमोजणीच्या कामावर तिची नेमणूक होती. धाकटा तावातावाने येऊन धडकला.

"हरल्यावर निकाल मानायलाही मोठं मन लागतं, ताई! म्हणे मोजणारे विकले गेले! लाज कशी वाटत नाही यांना?"

ताई सोफ्याखालचे तुकडे झाडत राहिली. शेवटी धाकट्यानेच फोन करून काचवाल्याला बोलावलं. त्याने आल्यावर टेप काढलाच नाही.

"माप आहे माझ्याकडे. मागच्या निवडणुकीनंतरही मीच बसवली होती."

मागच्या वेळी धाकट्याचा पक्ष हरला होता, आणि मोजणारे विकले गेले असं चौकात सगळ्यांत आधी तोच ओरडला होता. काच वाऱ्याने फुटली, असं ताई तेव्हा म्हणाली होती. त्यानेही ते सोयीने खरं मानलं होतं.

ताईने झाडू भिंतीला टेकवला.

 

"या वेळी दोन काचा कापून आणा," ती काचवाल्याला म्हणाली. "पुढच्या खेपेला कोण हरेल, काय सांगावं!"