अर्ध्या तासाचं पाणी

“अजून वेळ आहे,” ताई म्हणाली आणि तिने धाकट्याचा हात बाटलीवरून बाजूला केला.

धाकट्याने निमूट हात मागे घेतला. पन्नाशीला टेकलेला हा माणूस कारखान्यात भल्याभल्यांना धारेवर धरायचा. डोंगरात आला की मात्र बहिणीपुढे पाचवीतला पोरगा व्हायचा. भटकंतीत पाण्याचं खातं ताईकडे, हा त्यांच्या घरचा कायदाच होता. ओढ्याचं पाणी फडक्यातून गाळायचं, त्यात औषधाची गोळी टाकायची, अर्धा तास थांबायचं, आणि ताईने “हं, प्या” म्हटल्याशिवाय कुणी तोंड लावायचं नाही.

आई गेली तेव्हा धाकटा नुकता शाळेत जायला लागला होता. ताईने त्याला आईच्या मायेने वाढवलं. त्या नादात स्वतःचं लग्न राहूनच गेलं. पुढे ती मुख्याध्यापिका झाली, निवृत्तही झाली. आवाजातली घंटा तेवढी निवृत्त झाली नाही. दर वर्षी भाऊबहीण पाठीवर ओझी घेऊन आठवडाभर डोंगर हिंडायचे. दोघंच. धाकट्याने उशिरा लग्न केलं आणि दोघांचे तिघं झाले.

भावजयीला ताई पहिल्या दिवसापासून पाण्यात पाहत होती. तोंडाने कधी काही बोलली नाही, पण जळायचं ते जळायचंच. गेल्या वर्षी डोंगरात तिघांचीही पोटं बिघडली, तेव्हा ताईने सारं खापर भावजयीच्या स्वयंपाकावर फोडलं होतं. भावजयीने ते मुकाट ऐकून घेतलं. मनात खोट असल्याशिवाय माणूस इतकं ऐकून घेत नाही, हे ताईला शाळेतल्या अनुभवावरून पक्कं ठाऊक होतं.

या वेळी तर भावजयीने कहरच केला होता. चढावर ताईने शाळेत साप निघाला होता तो किस्सा सांगितला, तर ही बया पोट धरून हसली, जसं काही जन्मात असं ऐकलं नव्हतं. धाकटा मात्र खाली मान घालून चालत राहिला. बायको आल्यापासून त्याला बहिणीचे किस्से शिळे वाटायला लागले होते.

ताईने घड्याळ पाहिलं. एकेक बाटली उलटी करून, झाकण किंचित सैल करून तिने आट्यांवरून पाणी ओघळू दिलं. ओठ तिथेच लागतात, तिथलं पाणी कच्चं राहून चालत नाही. मग बाटल्या पुसून तिने पुढे केल्या.

“हं, प्या.”

धाकट्याने बाटली घेतली, पण तोंडाला लावली नाही. आधी बायकोकडे पाहिलं. तिने जराशी मान हलवल्यावरच तो प्यायला.

ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. इतकी वर्षं ज्याला पाणी पाजलं, त्याला आता दुसरीची परवानगी लागत होती. तिला रडू येत होतं आणि रडायची लाज वाटत होती. वासरासारखं मागे मागे येणारं आपलं पोर या बाईने डोळ्यांदेखत तोडून नेलं, असं तिला वाटलं.

त्यानंतर तिने पाळतच ठेवली. दुसऱ्या दिवशी ती लाकडं वेचायला गेली आणि मुद्दाम लवकर परतली. झाडीआडून तिला दोघांचं बोलणं ऐकू आलं. धाकटा म्हणत होता की हे असं किती दिवस चालायचं, तिला कळलं तर ती मोडून पडेल. भावजयीने त्याला हळू बोलायला सांगितलं.

“नाही कळणार,” ती म्हणाली. “घरी गेल्यावर बघू. इथे मी आहे ना.”

ताई पुढे झाली. भावजय बाटल्यांपाशी उकिडवी बसली होती. ताईने मघाशी घट्ट लावलेली झाकणं उघडी होती, आणि भावजयीच्या मुठीतून चंदेरी कागदाचा कपटा डोकावत होता.

“माझ्या पाण्याला काय झालंय?” ताईने विचारलं.

“काही नाही, ताई. औषधाचा वास येतो ना, म्हणून जरा लिंबाची पूड टाकते.”

“मला विचारून टाकायची.”

“चुकलं माझं,” भावजय म्हणाली आणि मूठ खिशात घातली. धाकटा तंबूच्या दोऱ्या उगाचच आवळत राहिला.

ताईला आता सगळं लख्ख दिसलं. पाणी करायचं ताईने, त्याला चव आणायची भावजयीने, आणि वाहवा मिळवायचीही तिनेच. आयत्या बिळावर नागोबा. उद्या खातं जाईल, परवा ताईला डोंगरात आणणंही बंद होईल. “ताई, तू दमतेस, घरीच थांब,” असं लाडीगोडीने सांगतील आणि दोघं मोकळे होतील. घरी गेल्यावर बघायचं होतं ते हेच.

रात्रभर तिने हा घास चघळला आणि सकाळी मनाशी ठरवलं. भावजयीच्या बाटलीत गोळी टाकायचीच नाही. चार दिवस पोट धरून बसली की ताईच्या गोळीची किंमत सगळ्यांनाच कळेल, धाकट्याला तर आधी. विचार ओंगळ होता, हे तिला समजत होतं. तरी तो सुटेना.

दोघं तंबू गुंडाळत होते. ताईने ओढ्यावर बाटल्या भरल्या. दोन जवळ ठेवल्या, भावजयीची बाजूला सारली. आज दोनच गोळ्या. पिशवीच्या आतल्या कप्प्यातून तिने निघताना विकत घेतलेली गोळ्यांची पट्टी काढली. भटकंतीचा चौथा दिवस होता, आणि पट्टीतलं एकही घर फुटलेलं नव्हतं.