बिनगोळीची सकाळ

बेल वाजली तेव्हा बसलिंगप्पा मधल्या खोलीच्या उंबऱ्यापर्यंत पोचले होते. तिथंच त्यांचे पाय जमिनीला चिकटले. बाहेरचं दार समोर चार पावलांवर. पण पार्किन्सन हा मोठा खट आजार. मोकळ्या जागेत माणसाला चालू देतो आणि नेमका दारात आला की पाय धरतो.

"बसलिंगप्पा काका!" बाहेरून आवाज आला. "मी ऋतुजा. आज येणार होते ना मी?"

"बंदे, बंदे," ते म्हणाले. आलो, आलो. घाईत त्यांच्या तोंडी कानडीच यायची. पण शब्द ओठांबाहेर पडले आणि तिथंच विरले. आजारानं पायांच्या आधी आवाजाचा घास घेतला होता.

ही मुलगी येणार म्हणून आठ दिवस त्यांची तयारी चालली होती. पार्किन्सनच्या रुग्णांचा जो मदतगट महिन्यातून एकदा भरायचा, तिथं ती फॉर्म घेऊन आली होती. तिच्या संशोधनासाठी तीस माणसं हवी होती. प्रत्येकाच्या घरी ती वर्षभर, दर महिन्याला येणार, दीड तास बसणार. हात किती हलतो, झोप कशी लागते, जेवताना ठसका लागतो का, सगळं विचारणार. बसलिंगप्पांच्या कानांत त्यातलं एवढंच राहिलं: दर महिन्याला, दीड तास. बायको गेल्यापासून या घरात दीड तास कुणी बसलं नव्हतं.

अट एकच होती. त्या दिवशी सकाळची गोळी घ्यायची नाही. गोळीविना शरीर कसं चालतं ते आधी बघायचं, मग तिच्यासमोर गोळी घेऊन पुन्हा बघायचं. म्हणून घरात सोबतीला माणूस हवंच.

"तुमच्याजवळ कोण असतं काका?" तिनं विचारलं होतं.

"मुलगा असतो की," बसलिंगप्पा पटकन बोलून गेले. सोमशेखर दोन वर्षांपासून पुण्यात होता. खोटं बोलायचं हे वय नव्हे, हे त्यांनाही कळत होतं. पण खरं सांगितलं असतं तर यादीतून नाव गेलं असतं, त्याचं काय?

सकाळी बटणं लावण्यात अर्धा तास जाईल म्हणून ते इस्त्रीचा शर्ट घालूनच झोपले होते. शर्ट चुरगळू नये म्हणून कूसही बदलली नाही. तशीही ती बदलता येत होती कुठे! फरशी पुसणाऱ्या सोनाबाईला काल बजावलं होतं, "पाहुणी येणार हाय उद्या. लख्ख पूस." ती बिचारी लख्ख पुसून गेली. उंबऱ्यापासून दारापर्यंत खडूनं मारलेल्या आडव्या रेघाही तिनं घासून काढल्या. ती मदतगटातच शिकवलेली युक्ती होती. पाय अडला की रेघेकडे बघायचं, ती ओलांडायला पाय आपोआप उचलला जातो. आज समोर नुसती स्वच्छ फरशी होती. नव्या रेघा मारायच्या तर वाकणार कोण?

बेल पुन्हा वाजली. मागं खाटेवर मोबाइल नुसताच थरथरायला लागला, थरथरून थरथरून थांबला. बसलिंगप्पांनी मोजायला सुरुवात केली, ओंदु, एरडु, मूरु. तिनाला पाय उचलायचा. तळवे काही सुटले नाहीत. निदान चौकटीवर हात तरी आपटावा, असं त्यांच्या मनात आलं. पण दोन्ही हातांनी चौकट धरली होती आणि एक जरी सोडला तरी तोंडावर आपटायची वेळ आली असती. दाराला सोमशेखरनंच मागं लॅच बसवून दिलं होतं. बाहेर कुलूप नसायचंच, त्यामुळं आत कुणी आहे की नाही, ते गल्लीतून कळायला मार्ग नव्हता.

बाहेर ऋतुजा फोनवर बोलू लागली. दाराच्या फटीतून शब्द न् शब्द आत येत होता.

"मॅडम, काका घरी नाहीत बहुतेक... नाही नाही, काळजीचं काही नाही, मुलगा राहतो त्यांच्याजवळ. त्यानंच नेलं असेल कुठंतरी... आजच नोंदणी पुरी करायची म्हणता? बरं. मग त्यांच्या जागी यादीतलं पुढचं नाव घेते."

स्वतःच्याच मुस्काटात मारून घ्यावंसं वाटलं बसलिंगप्पांना. डोळ्यांत पाणी आलं, ते पुसायलाही हात मोकळा नव्हता.

स्कूटर सुरू झाली. तेवढ्यात समोरच्या घराचं दार करकरलं. महेश्वरी. या गल्लीत पंचवीस वर्षं ती त्यांच्या समोर राहत होती.

"कोण पायजे वो?"

"बसलिंगप्पा काका. किती वेळ बेल वाजवतेय मी."

"मग न्हाईत घरात. असते तर ओ दिली असती की. लई खडा आवाज हाय अप्पांचा. ते तितं बोलले की मला हितं सैपाकघरात ऐकू येतंय."

स्कूटर गल्लीच्या तोंडाशी गेली आणि वळली. महेश्वरीचं दार लागलं. इकडं आत चौकट घट्ट धरून बसलिंगप्पा जीव खाऊन, पण ओठांपुरत्याच आवाजात ओरडत होते, "हाय की, महेश्वरी! मी हितंच हाय!"